जीपचे पाटे

विहाराच्या मागं, शेवग्याच्या झाडाखाली ती अजून उभी आहे. चाकं कधीच गेली. तिचे आस विटांच्या थप्प्यांवर टेकवलेले आहेत. टपाचं कापड गेलं, पुढची काच गेली, दिव्यांच्या खोबणीत चिमण्यांनी काड्या भरल्या. परवा गावी गेले तेव्हा सगळ्यांच्या नजरा चुकवून मी तिच्यापाशी गेले आणि मडगार्डवर दोन्ही तळहात ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. ती कुरकुरली, खाली गेली आणि सावकाश वर आली. खाली बसलेली म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठावी तशी. मी पुन्हा दाबलं, ती पुन्हा उठली. वय विसरून मी तिथं एकटीच हसत राहिले.

आणि मग वास आले. रॉकेलचा, ग्रीसचा, लाल लोखंडावर चरचरणाऱ्या तेलाचा. त्यांच्यात मिसळलेला आंबवलेल्या गव्हाच्या चिकाचा. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात जे नव्हते, त्यांना हे वास एकत्र कसे नांदले ते सांगूनही पटायचं नाही.

सत्तरच्या दशकातले ते दिवस. वऱ्हाडातल्या मालेगावच्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि सुट्टीत गावी आले होते. गाव मालेगावपासून आत, काळ्या रानातून जाणाऱ्या गाडवाटेच्या टोकाला. माझा मोठा भाऊ, दादा, बरीच वर्षं फौजेत गाड्या चालवून परतला होता. येताना लिलावात निघालेली एक जुनी जीप घेऊन आला. रंग फौजी, आवाज फौजी आणि स्वभावही फौजीच. तिच्यात बसून बाजाराला गेलेला माणूस परतताना पायी यायचा. कमलवहिनी म्हणायची, "तुमच्या दादाच्या गाडीत दही ठेवलं तं घरी येऊस्तर लोनी निंगते." दादा हसायचा. त्या वेळी हसण्यासारखंच होतं ते.

त्याच वर्षी आमच्या वस्तीनं विहार बांधला. वस्तीनं धर्म बदलला तेव्हा मी परकरातली पोर होते. तेव्हापासून मोठ्यांच्या बोलण्यात विहार होता. नाल्यातले दगड बायांनी डोक्यावरून आणले, रेती आणली, भिंती चढल्या. चुन्यात नीळ कालवून आम्हीच त्या रंगवल्या. ओल्या चुन्याचा तो गार, तिखट वास! संध्याकाळी दिवा लावून सगळे आत बसत. त्रिसरण म्हणताना सगळ्यांचे डोळे समोरच्या रिकाम्या चौथऱ्याकडं जात. तिथं बुद्धमूर्ती बसणार होती. नागपूरच्या एका मूर्तिकाराकडून घडवून घेतलेली, प्लास्टरची, मांडी घालून बसलेली.

ती मूर्ती रेल्वेनं अकोल्याला आली, तिथून मालट्रकनं मालेगावला. गवतात गुंडाळलेली, साधा ओरखडा नाही. मालेगावहून गावापर्यंतचा शेवटचा रस्ता फक्त आमच्या जीपचा होता.

ती संध्याकाळ मला आवाजानं आठवते. म्हणजे न आलेल्या आवाजानं. वेशीपाशी आला की दादा हॉर्न वाजवायचाच. त्या दिवशी जीप आली ती मुकी. हारांची ताटं घेऊन उभ्या असलेल्या बाया आपोआप मागं सरकल्या. दादा उतरला, मागचा फळका पाडला आणि गवत बाजूला केलं. मानेपासून खांद्यापर्यंत तडा गेला होता. मांडीवरचा हात निखळून गवतात पडला होता.

"माह्या गाडीनं फोडली," एवढंच दादा म्हणाला.

मग एक जण म्हणाला, "सिमिटानं सांधून घेऊ. वरून रंग मारला का दिसत नाई."

"नाई."

आवाज जनाआत्याचा होता. जनाआत्या आमच्या वडिलांची थोरली बहीण. विहाराचे सगळ्यात जास्त दगड तिनं वाहिले होते. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बोलणं लख्ख. "आजवर आपल्याले जे भेटलं, ते लोकायनं वापरून टाकलेलं भेटलं," ती म्हणाली. "फुटकं गाडगं, विरलेलं लुगडं, शिळी भाकर. हे एक तं साबूत पाह्यजे. मले सांधलेलं नोको."

"मंग दुसरी आनू. मालेगावहून खांद्यावर आनू, पालखी करून."

"खांद्यावर?" आत्या त्या दिशेला वळली. "लोकायचे ओझे खांद्यावर वाहू वाहू पाठी वाकल्या आपल्या. ते गाडीत बसून येतीन. देविदास, तुह्या गाडीत."

दादानं मान वर केली नाही. "आत्या, माही गाडी माल वाह्याची हाय. माणसायचे हाडं खिळखिळे करते ते."

"तं तिले शिकव," आत्या म्हणाली. "घोडं शिकते, बैल शिकते. गाडी काहून नाई शिकन?"

दुसऱ्या दिवशी नागपूरला निरोप गेला. मूर्तिकारानं उलट कळवलं की वैशाखी पौर्णिमेच्या आत अजून एकच मूर्ती होईल, त्यापुढं त्याला सवड नाही. तडा गेलेली मूर्ती दादानं पांढऱ्या कापडात गुंडाळून आपल्या खोलीत ठेवली. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी उठलो तेव्हा तो जीपखाली शिरलेला होता आणि बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते.

जीपच्या चाकांवर, आसाला बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांचे जुडगे असतात. एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या. त्यांना पाटे म्हणतात. खड्डा आला की या पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, दबतात, पुन्हा उठतात आणि धक्का आपल्यात जिरवतात. हे मला तेव्हा कळलं. मालेगावहून गफूरभाई मिस्त्री सायकलवर आले, दादाच्या शेजारी आडवे झाले आणि खालूनच ओरडले, "देविदासभाऊ, हे पाटे नाई राह्यले! हा तं लोखंडाचा गोटा झाला! सरकन तं काय सरकन?"

आमच्या अंगणात मग जीपचं बाळंतपण सुरू झालं. लिंबाखाली ओंडक्यांवर गाडी टेकवली. जुडगे सोडवले. गंजानं पट्ट्या इतक्या चिकटल्या होत्या की रॉकेलमध्ये भिजत घालाव्या लागल्या. कापूस वेचायच्या जुन्या धोतराच्या झोळ्यांच्या चिंध्या करून आम्ही त्यात बुडवायचो आणि पट्ट्यांच्या फटींत कोंबायचो. हळूहळू त्या सुटल्या. वहिनीनं आणि मी त्या घासल्या, विटेच्या भुकटीनं, नारळाच्या शेंडीनं, जशी सणाला पितळेची भांडी घासतो तशा. गंजाचं तांबडं पाणी अंगणातून वाहत कुंपणापर्यंत गेलं. गंजाखालून निळसर लोखंड निघालं तेव्हा वहिनी म्हणाली, "अगं माय, हे तं लगनाच्या ताटावानी चमकून राह्यलं!"

बसलेल्या पट्ट्यांना पुन्हा कमान द्यायला आम्ही त्या मालेगावच्या लोहाराकडं नेल्या. भट्टीचा भाता फुसफुसायचा, पट्टी लाल व्हायची, मग केशरी. घणाचे ठोके, आणि मग तेलात बुडवताना उठणारा निळा धूर. त्या धुराचा वास माझ्या वेणीत कित्येक दिवस होता. ओझ्यासाठी घातलेल्या जाड पट्ट्या गफूरभाईंनी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी एक लांब, पातळ पट्टी घातली. "फौज के लिए बनी थी," ते म्हणाले, "आता घरासाठी बनवू." पट्टीपट्टीला ग्रीस लावून जुडगे पुन्हा बांधले. टोकांशी झिजलेल्या पितळी बुशांच्या, म्हणजे कड्यांच्या, जागी रबरी बुश बसवले.

गाडी सुधारली का, हे पाहायचं कसं? दादा अंगणात फेऱ्या मारत म्हणाला, "मूर्ती तं एकच हाय. परीक्षा कायनं घ्याव?"

वहिनी बाजेवर कुरडया वाळत घालत होती. तिनं त्यातली एक दोन बोटांत अलगद उचलली, उन्हात धरली. जाळीदार, पांढरी, फुंकर मारली तरी मोडेल अशी. "हे घ्या," ती म्हणाली. "याच्याहून नाजूक आपल्या घरात काई नाई."

म्हणून त्या उन्हाळ्यात आमच्या जीपमध्ये कुरडयांची टोपली बसली. मागच्या फळीवर, मधोमध, जिथं मूर्ती बसणार तिथं. दादा नाल्यापर्यंत जाऊन परत यायचा आणि वहिनी टोपली उतरवून एकेक कुरडई पाहायची. पहिल्या फेरीत बऱ्याच वाचल्या, पण काठावरच्यांचा चुरा झाला. तो चुरा तळून वस्तीभर वाटला. तेलात फुललेल्या कुरडईचा कुरकुरीत, आंबूस वास आणि दादाचा पडलेला चेहरा, दोन्ही एकाच ताटात.

"मले समोर बसून समजत नाई," दादा म्हणाला. "मांगं बसून पाह्यलं पाह्यजे, पाटा कवा दबते, कवा उसळते."

"मंग गाडी कोन चालवन?" मी विचारलं.

दादानं वहिनीकडं पाहिलं. वहिनीनं माझ्याकडं. मी आकाशाकडं पाहिलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

वहिनी गाडी शिकली. पदर कमरेला खोचून, अनवाणी पायानं क्लच दाबून. गिअर टाकताना असा करकराट व्हायचा की झाडावरचे पोपट उडायचे. पांदणीनं जाणारे गडी बैल थांबवून बघत राहायचे. पाटलाच्या वावरातून कुणीतरी ओरडलं, "देविदास, बायकोच्या हातात लगाम देल्ला का?" दादा मागून शांतपणे म्हणाला, "व्हय. अन् मी मांगं बसून मजा घेऊन राह्यलो." वहिनीनं ते ऐकलं आणि पुढचा गिअर बिनआवाज पडला.

ती दादापेक्षा चांगली चालवायची, हे दादानंच आठवड्याभरात कबूल केलं. त्याचा हात फौजी, रस्ता जिंकायला शिकलेला. वहिनी मात्र खड्ड्यापाशी येताच गाडी अशी उतरवायची, जशी झोपलेलं मूल खांद्यावरून बाजेवर ठेवावं.

पण एक नवीनच दुखणं निघालं. पाटे मऊ झाले आणि गाडी झुलायला लागली. खड्डा मागं पडला तरी ती आपली वर-खाली, वर-खाली करत राहायची. कुरडई एकही मोडली नाही, पण टोपलीच आडवी झाली. दादा कपाळाला हात लावून बसला. पौर्णिमा जवळ आली होती आणि नागपूरहून मूर्ती निघाल्याचा निरोपही आला होता.

गफूरभाईंनी गाडी एका कोपऱ्यावर दाबून सोडली आणि तिचं डोलणं पाहत म्हणाले, "देखो, आता तिले लाड झाला. लाडासोबत धाक बी पाह्यजे. शॉकअप मेले हायेत तिचे." शॉकअप म्हणजे पाट्यांच्या शेजारी उभी असलेली तेलाची नळी, पाटा उसळला की त्याला आवरून धरणारी. जुन्या नळ्यांतलं तेल कधीच गळून गेलं होतं. गफूरभाई स्वतः अकोल्याला गेले आणि जास्त लांब, दोन्ही बाजूंनी आवरणारे नवीन शॉकअप घेऊन आले. जुन्या खुंट्या त्यांना पुरेनात, म्हणून नवीन खुंट्या वेल्डिंगनं जोडल्या. त्या निळ्या ठिणग्या पाहायला अख्खी वस्ती जमली. शेवटचा नट आवळून गफूरभाई उठले, हात पुसले आणि मडगार्डवर जोरात दाबलं. जीप खाली गेली, वर आली आणि थांबली. एकदाच. जागच्या जागी.

मग सगळ्यांनी आळीपाळीनं येऊन एकदा दाबून पाहिलं. जनाआत्यानंही. ती म्हणाली, "शिकली."

मूर्ती आणायच्या दिवशी चाकांतली हवा थोडी कमी केली. वहिनी स्टिअरिंगवर, मी तिच्या शेजारी. मागं गादीवर मूर्ती, आणि तिला दोन्ही हातांनी कवेत घेऊन दादा. मालेगावच्या बाजारपेठेतून निघालो तेव्हा गफूरभाई दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी हात हलवला नाही, नुसते चाकांकडं बघत राहिले.

त्या रस्त्याचा प्रत्येक दगड मला पाठ होता. काळ्या मातीच्या सुकलेल्या चाकोऱ्या, पळसाचं झाड, मग उतार. बोरीच्या झुडपांचा तापलेला वास, वहिनीच्या कपाळावरचा घाम. ती ओठ घट्ट मिटून चालवत होती. मागं बघायची माझी हिंमत होत नव्हती. नाल्यात उतरलो. पहिली मूर्ती इथंच फुटली, असं दादानं कधी सांगितलं नव्हतं, पण नाला आला तसा त्याचा श्वास मला पुढं ऐकू यायला लागला.

मधल्या दगडावरून डावं चाक घसरलं. गाडी त्या बाजूला अशी कलली की माझ्या खिडकीत आकाशाऐवजी नाल्यातली रेती आली. पाटा दबत गेला, दबत गेला. मी डोळे मिटले. मग खालून काहीतरी आम्हाला सावकाश वर उचलत आणलं. ना आदळणं, ना उसळी. वहिनीनं ब्रेक दाबला.

"अवो," तिनं मागं न बघता विचारलं, "काय झालं?"

मागं नुसतं गवत सळसळत होतं.

"अवो, बोला नं!"

"चाल," दादाचा आवाज आला. ओला, फुटका. "थांबू नोको, कमल. काई नाई झालं. काईच नाई झालं!"

मी वळून पाहिलं. दादाच्या दाढीतून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. त्याच्या छातीशी गवतातून तो शांत चेहरा अर्धा दिसत होता.

वेशीपासून दादानं हॉर्न वाजवायला सांगितलं. विहारासमोर गवत सोडलं. जनाआत्या पुढं झाली. तिच्या डोळ्यांवर तिचा विश्वास नव्हता. तिनं बोटांनी पाहिलं. केसांच्या वळ्यांवरून, कपाळावरून, कानांवरून, मानेवरून. मानेपाशी बोटं थांबली, पुन्हा फिरली. खांदा, कोपर, मांडीवर ठेवलेला हात, एकेक बोट, अगदी बैठकीच्या कडेपर्यंत. मग ती वळली. तिनं फक्त दोन्ही हात वर केले, आणि वस्तीतून जो आवाज उठला तसा मी पुन्हा आयुष्यात कधी ऐकला नाही.

परवा विहारात तीच मूर्ती पाहिली. आता भिंतींना फरशी आहे, पंखे आहेत, दाराला जाळी. दादा गेला, गफूरभाई गेले, जनाआत्या तर कधीचीच. वहिनी आहे. थकली आहे, पण नातवाच्या नव्या गाडीत बसली की अजून पुढच्या सीटवरून उजवा पाय दाबते. ब्रेक तिथं नसतानाही. मूर्तीपुढं बसलं की मला काही मागावंसं वाटत नाही. फक्त तो दिवस पुन्हा दिसतो. आणि त्या दिवसातलं सगळ्यात उजळ असं जे दिसतं, ते मूर्ती बसवल्यानंतरचं आहे.

पूजा झाली, खीर वाटून झाली. चार वाजून गेले असतील, ऊन उतरलं होतं. जनाआत्या जीपपाशी गेली आणि म्हणाली, "कमल, आता मले बसव."

आत्या आयुष्यात कधी मोटारीत बसली नव्हती. तिला उचलून पुढं बसवलं. ते पाहून दुसरी बाई आली, तिसरी आली. माझी मावशी, दगड वाहिलेल्या सगळ्याजणी, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या. मागं जागा उरली नाही तेव्हा फळक्यावर बसल्या, मडगार्डवर बसल्या. गाडी त्यांच्या ओझ्यानं वाकली आणि सगळ्या एकदम किंचाळून हसल्या. दादा खालीच उभा राहिला. त्याला कुणी विचारलंच नाही.

आमची वस्ती गावाच्या कडेला. आमच्या वराती, आमच्या मिरवणुका कायम बाहेरच्या पांदणीनं जायच्या. गावातून जाणारी सरळ वाट चावडीवरून, पाटलाच्या दारावरून होती, आणि ती आमची नव्हती, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. वस्तीच्या तोंडाशी वहिनीनं गाडी क्षणभर थांबवली. डावीकडं पांदण, समोर गाव.

"काहून थांबली?" आत्यानं विचारलं.

"आत्या, कोनत्या रस्त्यानं घेऊ?"

"मले दिसत नाई बापा," आत्या पदर सावरून ताठ बसत म्हणाली. "पन समोरून हवा चांगली येऊन राह्यली."

वहिनीनं गिअर टाकला. गाडी सरळ गावात शिरली. ओट्यांवर माणसं उठून उभी राहिली; चावडीवर गप्पा थांबल्या. खाचखळगे होतेच, पण त्या रस्त्यावर आम्हाला एकही लागला नाही. बाया गात होत्या, प्रत्येकीचा सूर वेगळा, कुणालाच पर्वा नव्हती. पाटलाच्या दाराशी आल्यावर वहिनीनं हॉर्नवर हात ठेवला, आणि गावाचं दुसरं टोक येईपर्यंत काही तो काढला नाही.